वाचकांचे प्रश्न : हलकं काडतूस किती हलकं?

या वेळच्या टपालात बाराबोरच्या, म्हणजे छऱ्याच्या बंदुकीच्या, हलक्या काडतुसांबद्दल बरीच पत्रं आली. काडतुसाचे ग्रॅम म्हणजे त्यातल्या छऱ्यांचं वजन. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मुलगी (वय २२) ट्रॅप, म्हणजे उडत्या चकत्यांवरची नेमबाजी, शिकते आहे. २८ ग्रॅमच्या काडतुसांनी सरावाच्या दोन फेऱ्यांनंतर तिचा खांदा काळानिळा होतो. प्रशिक्षक २४ ग्रॅम वापरायला सांगतात, तर ओळखीचे एक जुने शिकारी म्हणतात की २४ ग्रॅमनं चकती फुटत नाही, नुसती धूळ उडते. कोणाचं ऐकावं? (धरमपेठ)

प्रशिक्षकांचं ऐका. ऑलिंपिकचे ट्रॅप आणि स्कीट (जवळून उडणाऱ्या चकत्यांचा प्रकार) नेमबाज २४ ग्रॅमच वापरतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार काडतुसात २४.५ ग्रॅमपेक्षा जास्त छर्रे चालत नाहीत आणि छऱ्याचा व्यास २.६ मिलिमीटरपेक्षा मोठा असता कामा नये. छर्रा त्याच मापाचा आणि वेग तोच असेल, तर २४ ग्रॅममधला प्रत्येक छर्रा २८ ग्रॅममधल्या छऱ्याइतक्याच जोरानं आदळतो. कमी होते ती संख्या. २.४ मिलिमीटरचे छर्रे २८ ग्रॅममध्ये ३४५च्या आसपास बसतात, २४ ग्रॅममध्ये २९५. हे पन्नास छर्रे कमी झाले की नेम थोडा जास्त नेमका धरावा लागतो, एवढंच.

आता धक्क्याचं गणित. ३.६ किलोची बंदूक आणि सेकंदाला ४०० मीटर वेग धरला, तर २८ ग्रॅमचा धक्का सुमारे २४ ज्यूल भरतो आणि २४ ग्रॅमचा १८ ते १९. वेग ३७०पर्यंत उतरवला की तो १६च्या खाली येतो. उलट २४ ग्रॅमचंच ४२५ मीटर वेगाचं ‘स्पर्धेचं’ काडतूस घेतलंत, तर पुन्हा २१च्या वर जातो. म्हणजे अर्धा फायदा तिथेच गेला. त्यामुळे पेटीवर २४ लिहिलंय एवढं पाहून थांबू नका, वेगही वाचा. हा वेग कोणी नळीच्या तोंडाशी मोजतं, कोणी अडीच मीटरवर, म्हणून दोन कंपन्यांच्या आकड्यांत दहापंधरा मीटरच्या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसरं म्हणजे डाग नेमका कुठे पडतो ते बघा. दंडाच्या वरच्या बाजूला पडत असेल तर काडतुसाचा दोष कमी आणि बंदूक धरण्याचा जास्त. दस्ता (बंदुकीचा खांद्याला टेकणारा भाग) कॉलरबोनच्या आतल्या खळग्यात बसायला हवा. मुली आणि सडपातळ मुलगे तो हमखास बाहेर, दंडावर टेकवतात, कारण क्लबची बंदूक त्यांच्या हातांच्या मानानं लांब असते. गाल दस्त्यावर नीट टेकवल्यावर नाक आणि अंगठा यांत दोन बोटं अंतर राहिलं तर लांबी साधारण बरोबर. नाक अंगठ्यावर आपटतंय तर दस्ता आखूड. मान पुढे ताणावी लागतेय तर लांब. गालावर मार बसत असेल, तर १८ ग्रॅमचं काडतूस आणलंत तरी तो बसणारच. त्यावर इलाज दस्त्याचा.

प्रश्न : २८वरून २४ ग्रॅमवर आल्यापासून लांबच्या चकत्या सुटतात. चोक (नळीच्या तोंडाचा निमुळतेपणा) बदलावा का? (हिंगणा रोड)

आधी कागदावर मारून बघा. सव्वा मीटरचा कोरा कागद ३५ मीटरवर लावा, मधोमध खूण करा आणि एक बार टाका. छर्रे जिथे सर्वांत दाट पडलेत तो मध्य धरून ७५ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा आणि आतली भोकं मोजा. वर्तुळ आधी काढायचं नाही. आधी काढलंत तर चोकऐवजी तुमचा नेम मोजला जातो. असे निदान पाच कागद लागतात. एका कागदावरून कोणीही काहीही सिद्ध करू शकतो.

फुल (घट्ट) चोकमध्ये साधारण ७० टक्के छर्रे वर्तुळात येतात, हाफमध्ये (त्याहून सैल) ६०. २४ ग्रॅमचे २९५ छर्रे धरले तर फुलमधून २०७ आणि हाफमधून १७७. पळती चकती मागून दिसते ती जेमतेम ३० चौरस सेंटिमीटर. तिचा व्यास ११ सेंटिमीटर असला तरी जाडी अडीचच. वर्तुळाचं क्षेत्रफळ ४४०० चौरस सेंटिमीटर. भागाकार केलात तर फुलमधून चकतीवर सरासरी १.४ छर्रे पडतात, हाफमधून १.२. सरासरीच एवढी कमी, तर काही चकत्या छऱ्यांच्या फटीतून निसटणारच. मध्यभागी दाटी जास्त असते म्हणून तुम्ही वाचता.

२८ ग्रॅम आणि हाफ चोकनं जे जमत होतं, त्यासाठी २४ ग्रॅमला एक पायरी घट्ट चोक लावा. निदान दुसऱ्या बाराला, कारण ट्रॅपमध्ये पहिला हुकल्यावर चकती आणखी लांब गेलेली असते. छर्रा बारीक करून संख्या वाढवायचा मोह आवरा. २ मिलिमीटरचे छर्रे २४ ग्रॅममध्ये पाचशेच्या घरात बसतात, पण ३५ मीटरपर्यंत त्यांचा जोर सरतो. ते स्कीटसाठी ठीक. आणि छऱ्याचा ‘नंबर’ देशागणिक बदलतो : इटालियन साडेसात म्हणजे २.४ मिलिमीटर, इंग्लिश साडेसात म्हणजे २.३. विकत घेताना मिलिमीटर विचारा.

प्रश्न : अमेरिकेतला माझा मावसभाऊ घरीच काडतुसं भरतो. ७/८ औंसाची हलकी काडतुसं त्याला अर्ध्या खर्चात पडतात. तो हाताचं मशीन पाठवायला तयार आहे. रिकामी खोळ इथल्या रेंजवर ढिगानं मिळते. बारूद आणि प्रायमरची (बारूद पेटवणाऱ्या टोपीची) काही सोय होईल का? (काटोल रोड)

नाही, आणि मशीनही मागवू नका. १९५९च्या शस्त्र कायद्यात ‘दारूगोळा’ म्हणजे फक्त तयार काडतूस नव्हे. कलम २मध्ये काडतुसाचे सुटे भाग, बारूदीचा भार आणि त्याचं सामान, शिवाय दारूगोळा बनवायची यंत्रसामग्री हेही धरलेलं आहे. बनवण्यासाठी कलम ५खाली वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा तुमचा परवाना त्यात चालत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर याची शिक्षा किमान ७ वर्षांपासून सुरू होते. बिनधुराच्या बारूदीला स्फोटकांचे नियमही लागतात, आणि ते राबवणाऱ्या केंद्राच्या खात्याचं मुख्यालय आपल्याच नागपुरात, सेमिनरी हिल्सवर आहे. शंका असेल तर लांब जायची गरज नाही. शस्त्र परवान्याबाबत शहरात पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय.

तरीही हा विषय समजून घेण्यासारखा आहे. परदेशी रेंजवर कोणी भरलेली काडतुसं हातात ठेवली, तर काय बघायचं हे ठाऊक हवं.

हलका भार म्हणजे कमी दाब, हा समज सर्वांत घातक. बारूद नीट जळायला दाब लागतो आणि तो दाब छऱ्यांच्या वजनाच्या अडथळ्यामुळे तयार होतो. छर्रे कमी केले की अडथळा कमी, दाब कमी, जळणं अपुरं. म्हणून हलक्या भाराला जलद जळणारी बारूद लागते, आणि ती वापरली की कमाल दाब जड काडतुसाच्या बरोबरीला जाऊ शकतो. उलट, जड भाराची संथ बारूद घेऊन ‘थोडी कमी टाकू, मऊ होईल’ असं करणाऱ्याला दुसरं टोक गाठतं. एक बार नेहमीसारखा, एक फुसका. नळीत न जळलेल्या बारूदीच्या पापड्या. आणि एखाद्या वेळी वॅड (बारूद आणि छर्रे यांच्यामधली वाटी) नळीतच अडकतो. हिवाळ्याच्या सकाळी हे जास्त होतं, कारण थंड बारूद आणखी आळसावते.

तिकडचे जाणकार बारूद कंपनीनं छापलेला तक्ता जसाच्या तसा वापरतात : खोळ, प्रायमर, बारूद, तिचं वजन, वॅड आणि छर्रे. यातली एक वस्तू बदलली की तो तक्ता तुमचा राहिला नाही. नुसता प्रायमर बदलला तरी दाब लक्षणीय वरखाली होतो. खोळही दिसायला सारखी असली तरी आतून वेगळी असते : कोणाचा तळ सरळ, कोणाचा निमुळता, त्यामुळे आतली जागा बदलते.

जागेचाच दुसरा घोळ काडतुसाच्या तोंडाच्या घडीत दिसतो. २८ ग्रॅमसाठीच्या वॅडमध्ये २१ ग्रॅम भरले की आत पोकळी राहते आणि घडी बशीसारखी खोल बसते. वॅड उंच झाला तर घडी फुगते आणि मधल्या भोकातून छर्रे गळतात. काडतूस टेबलावर उभं धरून वरून बघा : घडी कडेपासून मिलिमीटर-दीड मिलिमीटर खाली, सपाट आणि मध्यावर बंद हवी. घड्यांवर चिरा असतील तर ती खोळ फार वेळा वापरलेली आहे. प्रायमर खोळीच्या बुडाशी समतल हवा. वर आलेला असेल तर काडतूस बाजूला ठेवा.

मशीनमधल्या मापाच्या भोकावर किती ग्रेन (बारूदीच्या वजनाचं माप) लिहिलंय त्यावर विसंबायचं नसतं, कारण मशीन किती हिसक्यानं चालवता यावर पडणारी बारूद बदलते. ती काट्यावरच तोलावी लागते. हात थांबला, फोन वाजला, आणि एका खोळीत बारूद दोनदा किंवा अजिबात नाही, ही चूक सर्वांत जुनी.

आणि तुमच्या भावाचा ७/८ औंस म्हणजे २४.८ ग्रॅम. तिकडच्या क्लबात उत्तम. आंतरराष्ट्रीय नियमांच्या स्पर्धेत तेच काडतूस जड ठरेल.

प्रश्न : बार ‘फुस्स’ झाला तर पुढे काय करायचं? (कामठी)

थांबायचं. हेच लोकांना जमत नाही, कारण चकती सुटलेली असते, मागे रांग असते आणि बोट दुसऱ्या घोड्याकडे आपोआप जातं. नळीचं तोंड रेंजकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा. कधी कधी बारूद उशिरा पेटते. मग बंदूक उघडा, दोन्ही काडतुसं काढा आणि मागच्या बाजूनं नळीतून आरपार प्रकाश दिसतो का ते बघा. नुसता वॅड असेल तर सळईनं ढकलून निघतो. त्यावर दुसरा बार टाकलात तर नळी त्या जागी फुगते, क्वचित फाटते. वीस बोरचं काडतूस चुकून बाराच्या नळीत सरकलं तरी हेच होतं. ते पुढे जाऊन अडकतं आणि मागे बाराबोरचं बिनदिक्कत बसतं. दोन्ही बोअरची काडतुसं एका पिशवीत कधीच नकोत.

प्रश्न : सेमी-ऑटोमॅटिकमध्ये २४ ग्रॅमनं दर तिसऱ्या-चौथ्या बाराला रिकामी खोळ अडकते. २८नं काही त्रास नाही. (सिव्हिल लाइन्स)

बंदूक कोणत्या जातीची ते पत्रात नाही. गॅसवर चालणारी असेल तर आधी नळीखालची गॅसची भोकं आणि पिस्टन साफ करा. काजळी धरली की हलक्या काडतुसाचा उरलासुरला गॅस पुरत नाही. रबरी रिंग असेल तर ती चिरलीय का बघा. नंतर तेल : पिस्टनवर तेल थापणं हा आपल्याकडचा आवडता उपाय, पण त्यानं काजळी लगदा होऊन चिकटते. पिस्टन जवळजवळ कोरडा हवा.

जडत्वावर चालणारी असेल तर बार उडाल्यावर सगळी बंदूक झटकन मागे सरकावी लागते. बंदुकीला जादा वजन बांधलं, किंवा बंदूक अगदी नवी असली की हलकं काडतूस तिला पुरेसं हलवत नाही. नवी असेल तर आधी शंभरेक जड काडतुसं चालवा. दस्त्यातलं शिशाचं वजन काढून बघा. तरीही अडकत असेल तर २४ ग्रॅमचंच, पण जरा जास्त वेगाचं काडतूस घ्या.

प्रश्न : आजोबांची इंग्लिश डीबीबीएल (मागून भरायची दुनाळी) परवान्यावर माझ्या नावावर झाली आहे. जुनी आहे म्हणून २४ ग्रॅमचीच हलकी काडतुसं वापरावीत का? (सीताबर्डी)

ग्रॅमचा विचार नंतर. आधी चेंबरची लांबी मोजून घ्या. जुन्या इंग्लिश बंदुकींत ती बहुधा ६५ मिलिमीटर असते आणि आजची काडतुसं ७०ची. ७० हे उघडल्यानंतरचं माप आहे. घडी घातलेलं काडतूस साठच्या आत असतं, म्हणून ते जुन्या चेंबरमध्ये मुकाट बसतं आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. उडवल्यावर तोंडाच्या पाकळ्या चेंबरपुढच्या अरुंद भागात उघडतात, वाट आवळली जाते आणि दाब चढतो. काडतूस २४ ग्रॅमचं असलं तरी यात फरक पडत नाही.

नळीवर वळणावळणाची नक्षी दिसत असेल तर ती दमास्कस, म्हणजे पट्ट्या पिळून जोडलेली नळी. ती भिंतीवरच शोभते. नक्षी नसली तरी परवानाधारक बंदूक कारागिराकडून नळीची जाडी, आतले खड्डे आणि बिजागरीतला ढिलेपणा तपासून घ्या. सगळं चांगलं निघालं आणि ६५ मिलिमीटरची काडतुसं मिळाली, तर हौसेपुरती चालवा. रोजच्या सरावाला नको. तीन किलोच्या आतली दुनाळी ३२ ग्रॅमच्या शिकारी काडतुसानं ३६-३७ ज्यूलची लाथ घालते, आणि २४ ग्रॅमनंही ट्रॅपच्या जड बंदुकीपेक्षा जास्तच.

प्रश्न : मे महिन्यात काडतुसं कुठे ठेवावीत? (मानेवाडा)

गाडीच्या डिकीत नाही. बाहेर ४५ अंश असताना आतलं तापमान कितीतरी वर जातं आणि तापलेली बारूद जास्त दाब देते. घरातल्या आतल्या खोलीत, कुलूपबंद लोखंडी कपाटात, फरशीपासून वर. कुलरच्या झोतासमोर ठेवू नका, ओलीनं पितळी बुडावर हिरवट डाग येतात. डाग पुसून निघाला तर काडतूस वापरता येतं. पितळ खडबडीत झालं असेल तर ते वेगळं काढून परवानाधारक विक्रेत्याला विचारा, कचऱ्यात टाकू नका. रेंजवर जाताना लागतील तेवढीच न्या आणि पेटी सावलीत ठेवा.