डीव्हीडी डिस्क लिहिण्याआधी फाइल बारीक (कॉम्प्रेस) करायची का?

भाऊ, लग्नाची शूटिंग हातात आली की लगेच कॉम्प्रेस करत बसू नको. आधी विचार, डिस्क लागणार कशात? नुसती कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवायची असेल तर फाइल मावते का तेवढं बघ आणि तशीच लिही. पण परभणीकडच्या एखाद्या मामांच्या घरी टीव्हीखालच्या जुन्या प्लेअरवर चालवायची असेल, तर फोनमधली एमपी४ फाइल एक जीबीची असली तरी एमपीईजी-२ (जुन्या डीव्हीडी प्लेअरला कळणारा व्हिडिओचा प्रकार) करावीच लागते. तिथं सवाल जागेचा नाहीच.

डीव्हीडीच्या डब्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, विंडोज मात्र ४.३७ दाखवतं. फसवणूक नाही, मोजायची रीत वेगळी. म्हणून ४.५ दाखवणारी फाइल मावणार नाही.

प्लेअरसाठी डीव्हीडी बनवताना फाइलच्या साइजपेक्षा तास बघ. तासाभराचं असेल तर ८ एमबीपीएस (दर सेकंदाला व्हिडिओला मिळणारा डेटा, मेगाबिटमध्ये) बिनधास्त ठेव. दोन तासांना ५ च्या आसपास यावं लागतं, तेही चालतं. अक्षता, वरात, हळद मिळून चार तास झाले की एका डिस्कमध्ये कोंबू नको. वरातीतल्या नाचाचे नुसते चौकोन दिसतात. सरळ दोन डिस्क कर.

आणि एमपीईजी-२ तयार असून डिस्कमध्ये मावायला थोडक्यात अडत असेल तर चित्राला हात लावू नको. आवाज पीसीएम (न दाबलेला) आहे का बघ. तो एसी३ (दाबलेला, डॉल्बीचा प्रकार) केला की तासामागं सहाशे एमबी सुटतात, अन् ऐकणाऱ्याला कळतही नाही.