वाचक विचारतात : गाडीत बसून सिनेमा

प्रश्न : वांद्रे-कुर्ला संकुलातील ड्राइव्ह-इनमध्ये गाडीजवळ कुठेही स्पीकर दिसत नाही, तरीही संवाद स्पष्ट ऐकू येतात, ते कसे? आणि त्यामुळे बॅटरी उतरते का? – एक वाचक, दादर

उत्तर : अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात 1933 साली पहिले ड्राइव्ह-इन सुरू झाले, तेव्हा आवाजासाठी पडद्याजवळच मोठे कर्णे होते, त्यामुळे मागच्या गाड्यांना ओठ आधी हललेले दिसत आणि शब्द नंतर ऐकू येत, शिवाय शेजारपाजारची झोप उडे, ती वेगळीच. पुढे खांबावरचा छोटा स्पीकर खिडकीच्या काचेला अडकवण्याची सोय आली. आता चित्रगृहातील अल्पशक्तीचा प्रक्षेपक (ट्रान्समीटर) आवाज एफएम लहरींवर सोडतो आणि ठरलेल्या आकड्यावर लावलेला आपल्याच गाडीचा रेडिओ तो पकडतो.

बॅटरीची शंका रास्त आहे. एकटा रेडिओ चांगल्या बॅटरीला सहसा जड जात नाही. मात्र किल्ली फिरवताच आपोआप लागणारे दिवे आणि पंखा बंद करावा, एरवी जुनी बॅटरी मध्यंतरानंतर दगा देऊ शकते. पावसाळ्यात वायपरही अधूनमधून फिरवावा लागतो, हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको.