सर्वांत स्वस्त तारीख तुम्हाला महाग पडतेय

प्रश्न : आम्ही चौघं आहोत. मी, नवरा, आठ वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा. एका मोठ्या थीम पार्कला दोन दिवस जायचं आहे. शाळांच्या सुट्टीतल्या ऐन गर्दीच्या आठवड्यात तिकिटं जवळजवळ दुप्पट आहेत, पण तेव्हा नवऱ्याचं ऑफिस बंद असतं, रजा लागत नाही. सुट्टी संपल्यावर दीड महिन्याने दर सर्वांत कमी होतात, पण मुलीची शाळा बुडते. वार्षिक पास घ्यावा का, असंही मनात आहे. शिवाय ‘पुढच्या महिन्यात दर वाढणार, आजच घ्या’ असे मेसेज रोज येत आहेत. सहलीसाठी काही रक्कम बाजूला काढली आहे. कमी पडेल ती अडीअडचणीसाठी ठेवलेल्या पैशांतून घ्यावी की हप्ते करावेत?

उत्तर : ताई, आधी माझं मत सांगतो, मग कारणं. गर्दीच्या आठवड्यात जाऊ नका आणि सर्वांत स्वस्त तारखांच्याही मागे लागू नका. तुम्ही पाठवलेल्या दरांच्या कॅलेंडरात सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यातले सोमवार-मंगळवार पाहा. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेखच नाही, आणि तुमच्या घरासाठी तेच दोन दिवस सर्वांत योग्य आहेत.

तुम्ही आकडे नीट मांडून पाठवलेत, त्यामुळे काम सोपं झालं. इतर वाचकांनाही ते वापरता यावेत म्हणून मी चलन बाजूला ठेवतो आणि सर्वांत स्वस्त दिवसाच्या प्रौढ तिकिटाला १०० धरतो. बाकी सगळं त्याच प्रमाणात. हे दोन दिवसांच्या तिकिटाचे दरदिवशी पडणारे भाव आहेत. एकाच दिवसाचं तिकीट यापेक्षा थोडं महाग असतं.

या हिशेबाने गर्दीच्या आठवड्यात प्रौढ तिकीट १९० आणि मुलीचं १८०. मुलाला तीन वर्षं पूर्ण झालेली नसल्याने प्रवेश मोफत. दोन दिवसांचे तिघांचे मिळून १,१२० होतात. स्वस्त हंगामात तेच ५९०. तुम्ही इथे थांबलात आणि ‘५३० वाचतात’ असं लिहिलंत. पण मुलाचा तिसरा वाढदिवस सुट्टी संपल्यावर लगेच येतो. वय प्रवेशाच्या दिवशीचं धरतात, बुकिंगच्या दिवशीचं नाही. म्हणजे स्वस्त हंगामात त्याचंही तिकीट लागेल, ९५ दराने दोन दिवसांचे १९०. नवऱ्याची हक्काची रजा दोनच दिवस उरली आहे आणि आठवड्याच्या मधल्या या स्वस्त तारखांना जाऊन-येऊन कामाचेच चार दिवस लागणार. वरचे दोन दिवस बिनपगारी, त्याचे २००. वाचणाऱ्या ५३० पैकी ३९० इथेच गेले.

आता राहणं धरू. हॉटेलचे तीन रात्रींचे दर तुम्ही दिलेत : गर्दीत ४८०, स्वस्त हंगामात २७०, आणि मी म्हणतो त्या शेवटच्या आठवड्यात ३३०. खाणंपिणं आणि किरकोळ खर्च तिन्ही वेळी साधारण २००. प्रवास स्वतःच्या गाडीने, तो सारखाच, म्हणून सोडून देतो. गर्दीचा आठवडा एकूण १,८०० ला पडतो. स्वस्त हंगाम १,४५० ला. आणि सुट्टीचा शेवटचा आठवडा? तिथे प्रौढ तिकीट १३५, मुलीचं १२८, मुलगा अजून मोफत. तिकिटांचे ७९६, राहण्याचे ३३०, खाण्यापिण्याचे आणि किरकोळ २००, असे १,३२६. रजेचे दोन दिवस हक्काचे आहेत, शनिवार-रविवारला जोडून बेत बसतो आणि शाळा एकही दिवस बुडत नाही. ज्याचं तिकीट सर्वांत स्वस्त, तो पर्याय तुमच्यासाठी मधला निघाला.

या दिवसांचे दर का उतरतात तेही सांगतो, म्हणजे संशय राहणार नाही. सगळ्या शाळा एकाच दिवशी उघडत नाहीत. काही आधीच सुरू झालेल्या असतात. उरलेल्या घरांत वह्या-पुस्तकं, गणवेश, प्रवासाचा थकवा घालवणं अशी तयारी चालू असते, त्यामुळे बरेच पालक शेवटचे दिवस घरी राहणं पसंत करतात. त्यातून कामाचे वार. मागणी खाली येते, पण पार्क अजून सुट्टीच्याच वेळापत्रकावर चालू असतं.

हा शेवटचा मुद्दा तिकिटाच्या भावाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो दरांच्या कॅलेंडरात दिसत नाही. मंदीच्या हंगामात पार्क लवकर बंद होतं, संध्याकाळचे कार्यक्रम कमी होतात, पाण्याच्या राइड्स थंडीत बंद राहू शकतात आणि मोठ्या राइड्सची दुरुस्ती शक्यतो याच काळात काढतात. उलट गर्दीच्या आठवड्यात सगळं चालू असतं, पार्क उशिरापर्यंत उघडं असतं, पण तुमचा दिवस रांगांमध्ये जातो. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला घेऊन लांब रांगेत उभं राहायचं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून भाव दिवसाचा बघू नका. दिवसभरात किती राइड्स होतील याचा अंदाज घ्या आणि खर्चाला त्याने भागा. बुकिंगआधी पार्कच्या संकेतस्थळावर तुमच्या तारखांची वेळ आणि बंद राइड्सची यादी पाहा. मुलीने जिच्यासाठी हट्ट धरला आहे ती राइड त्या दिवशी बंद असेल, तर कुठलीही सवलत कामाची नाही.

रांग टाळण्याच्या पासचा खर्च तुम्ही धरलेला नाही. दरडोई दरदिवशी ५० धरले तरी तिघांचे दोन दिवसांचे ३०० होतात, म्हणजे गर्दीचा आठवडा १,८०० वरून २,१०० वर जातो. त्या आठवड्यात हा पास घ्यावासा वाटणारच. शेवटच्या आठवड्यात तो आधी घेऊ नका. पहिल्या दिवशी रांगा बघून, त्या दिवशी मिळत असेल तर, दुसऱ्या दिवसापुरता ठरवा.

या धंद्याचा इतिहास थोडा माहीत असला की आजचे दर समजायला सोपे जातात. कॅलिफोर्नियातलं डिस्नीलँड १९५५ मध्ये सुरू झालं, आणि लवकरच तिथे राइड्ससाठी वेगवेगळ्या श्रेणींच्या कुपनांची पुस्तकं विकली जाऊ लागली. ती पद्धत १९८२ पर्यंत चालली. पुढे एका तिकिटात सगळं आलं, आणि वर्षभर भावही जवळपास एकच असे. २०१६ मध्ये डिस्नीने अमेरिकेतल्या पार्कांत एका दिवसाच्या तिकिटाला तारखेनुसार वेगळा भाव लावला. फ्लोरिडात २०१८ पासून अनेक दिवसांची तिकिटंही तारखेला बांधली गेली. जपानमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओजने २०१९ मध्ये आणि टोकियो डिस्नीने २०२१ मध्ये हीच वाट धरली. रांग टाळण्याची जी सोय डिस्नीने १९९९ मध्ये मोफत सुरू केली होती, तिलाही अमेरिकेत २०२१ पासून पैसे पडू लागले. एका तिकिटात आलेल्या गोष्टी पुन्हा सुट्या विकल्या जात आहेत. बजेट करताना तिकीट, तारीख आणि रांग अशा तीन किमती धराव्या लागतात त्या यामुळे.

कारण साधं आहे. पार्क रिकामं असो वा भरलेलं, माणसांचे पगार, वीज, देखभाल यांचा मोठा भाग चालूच राहतो. आजची न विकलेली जागा उद्या विकता येत नाही, आणि भरलेल्या दिवशी आणखी माणसं घेता येत नाहीत. म्हणून भाव वर-खाली करून गर्दी पसरवतात. विमान कंपन्या आणि हॉटेलं हे अनेक वर्षं करत आली आहेत. यात फसवणूक नाही, आणि ज्याच्या तारखा लवचीक आहेत त्याचा फायदाही आहे.

मात्र जाहिरातीतल्या ‘अमुकपासून सुरू’ या भावाला भुलू नका. डिस्नीलँडमध्ये ऑक्टोबर २०२४ च्या दरवाढीनंतर एका दिवसाचं सर्वांत स्वस्त तिकीट १०४ डॉलरच राहिलं, तर सर्वांत महाग २०६ वर गेलं. खालचा भाव वर्षानुवर्षं तोच ठेवता येतो, कारण तो भाव असलेले दिवस मोजकेच असतात. दरवाढ वरच्या आणि मधल्या श्रेणींत होते, आणि बहुतेक कुटुंबांच्या तारखा तिथेच पडतात. तुमच्याही पार्कचं कॅलेंडर बघा, १०० चे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

आता त्या रोजच्या मेसेजबद्दल. दर बदलणं दोन प्रकारचं असतं आणि लोक हमखास गल्लत करतात. एकात पार्क वर्षभराचं कॅलेंडर जाहीर करतं. तारखेप्रमाणे भाव वेगळा, पण ठरावीक तारखेचा भाव पुढच्या जाहीर दरवाढीपर्यंत बहुतांशी तोच राहतो. दुसऱ्यात एकाच तारखेचा भाव मागणीनुसार रोज हलतो. याला डायनॅमिक प्रायसिंग म्हणतात, आणि तिथे आधी घेणाऱ्याला बहुधा स्वस्त पडतं. तुमचं पार्क कुठल्या प्रकारचं आहे हे ओळखायचं तर एकच तारीख आठवडाभर रोज उघडून बघा आणि आकडा लिहून ठेवा. तुम्ही पाठवलेल्या दोन वेगवेगळ्या दिवशींच्या पानांवर भाव सारखेच आहेत, त्यावरून ते पहिल्या प्रकारचं दिसतं. तिथे घाई करण्याचं कारण वार्षिक दरवाढीपुरतं असतं. समजा ती ६ टक्के झाली, तर ७९६ वर ४८ जास्त जातील. नवऱ्याची रजा मंजूर होईपर्यंत थांबण्याची ही किंमत आहे, आणि ती मोजावी असं मला मनापासून वाटतं. कारण तुम्हाला सुचवलेलं तिकीट परत न होणारं आहे. रजा नाकारली गेली तर ४८ वाचवण्याच्या नादात ७९६ अडकतील.

तारीख बदलण्याचा नियमही नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी महाग तारखेवर जायचं तर फरक भरावा लागतो आणि स्वस्त तारखेवर आलात तर फरक परत मिळत नाही. त्यामुळे मनात दोन तारखा असतील तर तिकीट स्वस्त तारखेचं घेणं बरं, बदलाची मुभा आहे याची खात्री करून. आणि तिकिटं पार्ककडून किंवा पार्कने मान्य केलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. प्रवेश नाकारला गेला, तर स्वस्तात मिळालेल्या तिकिटाची तक्रार करायला समोर कोणी नसतं.

वार्षिक पास तुमच्यासाठी नाही. एकाला ४२०, तिघांचे १,२६०, म्हणजे दोन दिवसांच्या तिकिटांपेक्षा ४६४ जास्त. ते वसूल करायला वर्षभरात दुसरी सहल करावी लागेल. तेव्हाची तिकिटं वाचली तरी राहण्या-खाण्याचे पाचशेच्या पुढे नव्याने जातील. तोवर मुलगा तीन वर्षांचा झालेला असेल, म्हणजे त्याला वेगळं तिकीट किंवा पास. शिवाय स्वस्त पासावर गर्दीच्या तारखांना प्रवेश बंद असतो, आणि सुट्टीत जाणाऱ्या घराला नेमक्या त्याच तारखा लागतात. पार्कपासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्यांना पास परवडतो, मुक्काम करून जाणाऱ्यांना क्वचितच.

राहिला पैशांचा प्रश्न. तुमच्याकडे सहलीचे १,००० आहेत आणि दरमहा ६० बाजूला पडतात. पाच महिन्यांत १,३०० होतील. शेवटच्या आठवड्याचा खर्च १,३२६. फरक २६ चा आहे, तो एखाद्या महिन्याच्या बाहेरच्या जेवणातून निघेल. गर्दीच्या आठवड्याला मात्र ५०० कमी पडतात, आणि तिथूनच तुमच्या मनात हप्ते आले. अडीअडचणीच्या पैशांना हात लावू नका. तुमच्याकडे जेमतेम तीन महिन्यांचा खर्च शिल्लक आहे, घरात एकच पगार आहे आणि मुलं लहान आहेत. ती रक्कम वाढवायची गरज आहे, कमी करायची नाही. ‘बिनव्याजी’ हप्त्यांतही प्रक्रिया शुल्क असतं किंवा रोखीची सवलत सुटते. पुढची सुट्टी आली तरी मागच्या सुट्टीचे हप्ते चालू आहेत, ही स्थिती मी अनेक घरांत पाहतो, आणि तुमच्या घरी ती येऊ नये.

आधी रजेचा अर्ज द्या. तोवर रद्द करता येईल असं हॉटेल धरून ठेवा, त्याला बहुधा लगेच पैसे लागत नाहीत. रजा मंजूर झाली की त्याच दिवशी तिकिटं घ्या. मुलाच्या वयाचा पुरावा सोबत ठेवा. वाढदिवस इतका जवळ असताना दारावर विचारणा होऊ शकते.

रजा मिळालीच नाही तर गर्दीच्या आठवड्यात जा, पण दोनऐवजी एकच दिवस. एका दिवसाचं तिकीट प्रौढांना २०५ आणि मुलीला १९५ आहे, म्हणजे ६०५. दोन रात्रींचे ३२०, खाण्यापिण्याचे १३० आणि रांग टाळण्याच्या पासचे १५० धरले तर १,२०५ होतात. त्या दिवशी पास जरूर घ्या आणि दार उघडण्याआधी तिथे पोहोचा. बाजूला काढलेल्या १,३०० मध्ये हे सगळं बसतं.