फोन आधी लेकीच्या हातात द्या

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी जन्मापासून पूर्ण अंध, बारावीला ६८ टक्के, आता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. साताऱ्यातला एक क्लासवाला म्हणतो, अंध मुलांना वेबसाइट तपासायची नोकरी हमखास लागते. फी ४५ हजार. भरू का, असं विचारलंय. भरू नका.

पण फीपेक्षा पत्रातल्या दुसऱ्याच वाक्यानं मी अस्वस्थ झाले. ‘तिचा मोबाइल मीच बघतो, पासवर्ड माझ्याकडेच असतात, एकटीला कुठे सोडत नाही.’ तुमची माया कळते. पण तिला ज्या कामासाठी तयार करायचं म्हणता, ते कामच मुळी फोन आणि संगणक स्वतः वापरण्याचं आहे. ॲप कुठे अडलं, हे अडलेल्या माणसाला कळतं. तिच्या वाटचं अडणं तुम्ही वीस वर्षं स्वतःकडे घेतलंत, म्हणजे तिचा सरावच काढून घेतलात. आणि अख्ख्या पत्रात तिला काय हवंय, याचा एक शब्द नाही.

आता त्या क्लासवाल्यानं करून दिलेला गैरसमज. डोळ्यांनी दिसत नाही एवढ्यावर कुणी सुगम्यता चाचणीचं, म्हणजे वेबसाइट-ॲप अपंगांना वापरता येतं का हे तपासण्याचं, काम देत नाही. समजा, एका बटणाला नावच दिलेलं नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, नुसतं ‘बटण’ म्हणतं आणि गप्प होतं. ‘मला कळलं नाही’ ही झाली तक्रार. पगार मिळतो तो अहवालाचा: कोणतं पान, कितवी पायरी, काय ऐकू आलं, काय यायला हवं होतं, डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांतलं कोणतं कलम मोडलं (इथे ४.१.२) आणि प्रोग्रॅमरनं काय बदलावं. शिवाय स्वतःपलीकडचंही बघावं लागतं. कर्णबधिरांसाठी व्हिडिओतलं बोलणं खाली लिहून येतं का, कमी दिसणाऱ्यांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमीच्या रंगांतला फरक किमान ४.५ : १ आहे का, हेही साधनांच्या मदतीनं तपासायचं असतं. यासाठी थोडं एचटीएमएल, म्हणजे वेबपानं बनवण्याची भाषा, लागतं, आणि नीट इंग्रजी लिहिता यावं लागतं. तिची खरी मेहनत इंग्रजीवर होईल.

काम वाढतंय, हे खरं. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ ला सांगितलं. युरोपचा सुगम्यता कायदा त्याच वर्षी २८ जूनपासून लागू झाला. तरी नोकरीची हमी कुणीही देऊ शकत नाही. शिकायला ४५ हजार मुळीच लागत नाहीत. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, आणि तो सुरू केला ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी, २००६ मध्ये. वेबचे निकष ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेचा सुगम्यतेचा प्राथमिक अभ्यासक्रमही इंटरनेटवर मोफत शिकता येतो.

बँक आणि एमपीएससीचं तुम्हाला ठाऊकच आहे: २०१६ च्या कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण, त्यात अंध व अल्पदृष्टींसाठी १ टक्का. तिला हवं असेल तर तेही करू दे.

या आठवड्यात एवढंच करा. पासवर्ड बदलून तिला ठेवू द्या. पांढऱ्या काठीनं एकटं फिरण्याचं प्रशिक्षण कुठे मिळतं, ते शोधा. मग टॉकबॅक (अँड्रॉइड फोनमधला स्क्रीन रीडर) लावून तिला एसटीचं सातारा-पुणे तिकीट स्वतः काढायला सांगा, आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा. कुठे अडली, कशी सुटली, ते तिनं टाइप करून मला पाठवावं. तुम्ही ते आधी वाचू नका.