पहिल्या सायकोसिसनंतर भाऊ गोळ्या नको म्हणतो. आईने चहातून द्याव्यात का?

तुमचा भाऊ 20 वर्षांचा, पहिल्या सायकोसिसमधून (भास, खोटे संशय, खरं-खोटं न कळणं) सावरलाय, आता गोळ्याही नकोत आणि डॉक्टरही नकोत. आई म्हणतेय चहातून देऊ. देऊ नका. आमटीतून नाही, सरबतातूनही नाही.

लपवून औषध देण्याचा सल्ला घरोघरी चालतो, काही डॉक्टरही थेंब लिहून देताना "त्याला कळू देऊ नका" म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. "माझ्या खाण्यात काहीतरी कालवतात" हा संशय या आजारात नेहमीचा, आणि तुम्ही तो स्वतःच्या हाताने खरा करता. एकदा कळलं की मुलगा घरचं जेवण सोडतो, आणि पुढे उघडपणे दिलेली गोळीही घेत नाही. अर्धा कप चहा उरला की अर्धा डोस गेला. शिवाय रिस्पेरिडोन या सायकोसिसवरच्या औषधाचं द्रावण चहात किंवा कोलात मिसळायचंच नसतं, त्यांच्याशी ते जमत नाही. दिवसभर झापड का येते हे मुलाला कळत नाही, म्हणून तो ती कोणाला सांगतही नाही.

आधी विचारा, गोळी का नको? बहुतेक वेळा कारण गोळीतच सापडतं. ॲरिपिप्राझोल हे असंच दुसरं औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही जणांना एका जागी बसवत नाही. मुलगा गॅलरीत येरझाऱ्या घालतो, उभा राहिला तरी एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत राहतो, लेक्चरमधून उठून जातो. घरचे सांगतात "आजार वाढला", डोस वाढतो, येरझाऱ्या वाढतात, आणि एक दिवस तो पाकीटच फेकून देतो. याला अकॅथिसिया म्हणतात. डोस कमी करणं, औषध बदलणं किंवा प्रोप्रॅनोलॉल (दमा असेल तर चालत नाही) हे उपाय आहेत, पण "आतून बसवत नाही का?" हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा. ओलान्झापिनने भूक आणि वजन भराभर वाढतं. रिस्पेरिडोनने मुलींची पाळी चुकते, मुलांना लैंगिक तक्रारी होतात. आई शेजारी बसलेली असताना हे कुठला मुलगा बोलेल? म्हणून भेटीतली पहिली दहा मिनिटं डॉक्टर आणि तो, दोघंच. घरच्यांनी नंतर आत जावं.

सकाळी नऊची वेळ घेऊ नका, रात्रीच्या गोळीने तो उठणारच नाही. भेट चुकली तर एक-दोन दिवसांत फोन करा, न रागावता. बोलणं आजारावरून नको, त्याला हवंय त्यावरून सुरू करा: एटीकेटी सोडवायची, झोप नीट हवी, नोकरी हवी. गांजा ओढत असेल तर तेही डॉक्टरांना कळू द्या. रोजची गोळी नकोच असेल आणि तेच औषध तोंडाने सोसलं असेल, तर महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा. हा पर्याय तरुणांना उशिरा सांगितला जातो, ही माझी जुनी तक्रार आहे.

किती दिवस? बरं वाटल्यावर किमान एक ते दोन वर्षं. स्किझोफ्रेनियाच्या (सायकोसिस होणारा एक दीर्घ आजार) पहिल्या झटक्यातून सावरलेल्यांची न्यूयॉर्कमधली एक पाहणी 1999 साली छापून आली. तीत पाच वर्षांत सुमारे 82 टक्के जणांना आजार उलटला, आणि औषध सोडल्याने धोका जवळपास पाचपट झाला. हे आकडे त्याच्यासमोर ठेवा, धमकी म्हणून नव्हे. तरी तो थांबवणारच म्हणाला, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू, काही महिने घेऊन. मागच्या वेळी आधी काय बिघडलं होतं (झोप गेली, फोन बंद ठेवला, खिडक्या लावून घेतल्या) ते त्याच्याच अक्षरात लिहून घ्या, आणि ते दिसलं तर कोणाला फोन करायचा तेही.

हे सगळं तो बऱ्यापैकी शांत असेल तेव्हाचं. जिवाला धोका असेल, खाणंपिणं सुटलं असेल किंवा तो कोणाच्या अंगावर जात असेल तर समजावत बसू नका, सरळ रुग्णालयात न्या. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा वेळी संमतीशिवाय दाखल करून घेण्याची तरतूद आहे. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, मराठीतून बोलता येतं.