प्रागला पहिल्यांदा जातोयस ना, मग हे ऐक

बर्लिनहून प्रागची थेट गाडी साधारण चार-साडेचार तासांची. तिकीट काही आठवडे आधी काढ, ऐनवेळी दर अंगावर येतो. तुझं डॉइचलांड-तिकीट, म्हणजे तो महिन्याचा पास, या युरोसिटीत (देशादेशांत धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीत) चालत नाही. ते फक्त जर्मनीतल्या लोकल आणि रिजनल गाड्यांसाठी. आमच्यातल्या एकाने तोच घोळ घातला आणि दंड भरून गप्प बसला.

खिडकी डाव्या हाताची घे. ड्रेस्डेन सुटलं की एल्ब नदी त्याच बाजूने सोबत करते, वालुकाश्माचे उंच कडे दिसतात. त्या पट्ट्यात मोबाइल बघशील तर खरंच कपाळकरंटा! पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट मूळ प्रतीच ठेव, सीमेवर कधीकधी तपासणी होते.

प्रागमध्ये गाडी आधी होलेशोवित्सेला थांबते. घाईने तिथे उतरू नकोस, मुख्य स्टेशन पुढचं. प्रागमध्ये युरो नाही, तिथलं चलन कोरुना चालतं. एटीएमने ‘युरोत रक्कम कापू का’ विचारलं तर सरळ नाही म्हण, कोरुनाच निवड. ट्रामचं कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यायचा, नुसतं खिशात असून भागत नाही.

आणि हो, थेपले जास्तच घे. गाडीच्या डब्यात वास सुटला की ओळखी होतात.