पी मूल्य, १४ मुलाखती आणि परीक्षणाची घाई

प्रश्न : एम.एस्सी. नर्सिंगसाठी एका संख्यात्मक (आकड्यांवर आधारलेल्या) आणि एका गुणात्मक (लोकांच्या अनुभवांवर आधारलेल्या) शोधनिबंधाचं चिकित्सक परीक्षण करायचं आहे. पहिल्यात पी मूल्य ०.०५ पेक्षा कमी आहे, दुसऱ्यात फक्त १४ मुलाखती. मग पहिला भक्कम आणि दुसरा कच्चा म्हणायचं का?

उत्तर : घाई होतेय. प्रत्यक्षात काहीच फरक नसता, तर इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, एवढंच पी मूल्य सांगतं. तुलना चोख होती का, हे ते सांगत नाही. म्हणून सारांश बाजूला ठेवून आधी पद्धत वाचा.

सरावासाठी डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतला अभ्यास घ्या (‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय नियतकालिक, १९९९). ३९ गावांत नवजात बाळांना घरीच सेवा दिली, ४७ गावं तुलनेला ठेवली. सुरुवातीला मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे ६२ आणि ५८, म्हणजे जवळपास सारखा. तिसऱ्या वर्षी २५.५ आणि ५९.६. तुलनेची गावं होती तिथेच राहिली, त्यामुळे ‘तेव्हा सगळीकडेच सुधारणा झाली असेल’ ही शंका मागे पडते. फरक ३४.१, म्हणजे साधारण २९ जन्मांमागे एक बाळ वाचलं. हा हिशेब स्वतः करायची सवय लावा. नुसती ‘निम्म्याने घट’ दोनावरून एकावरही येते. दुबळी बाजू अशी, की गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. शिवाय सेवा गावाला मिळते, म्हणून विश्लेषणातही गाव हाच घटक धरला आहे का ते पाहा. नाहीतर खात्री आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

गुणात्मक निबंधात १४ हा आकडा गौण. हेच १४ जण का निवडले? मुलाखत कोणी घेतली? वॉर्डातल्या सिस्टरनेच खाटेशी उभं राहून ‘सेवा कशी वाटली?’ विचारलं, तर ‘छान’च ऐकू येणार. मुलाखत गोंडीत आणि अवतरणं इंग्रजीत असतील, तर भाषांतर कोणी तपासलं? सगळी अवतरणं तिघांचीच आहेत का? निष्कर्षाविरुद्ध बोलणारं कोणीच कसं सापडलं नाही? आणि १४ जणांवरून ‘७० टक्के महिलांना वाटतं’ असं लिहिलं असेल, तर लेखकांना स्वतःचीच पद्धत कळलेली नाही.

प्रश्न : ‘कॅस्प’ या शोधनिबंधांच्या परीक्षणासाठीच्या तपासणीसूचीतले ‘हो’ मोजून गुण दिले तर चालेल?

उत्तर : नको. गुणात्मक अभ्यासासाठीच्या त्या सूचीत १० प्रश्न आहेत, पण सगळ्यांचं वजन सारखं नाही. निवडच चुकली असेल तर बाकीचे नऊ ‘हो’ ती भरून काढत नाहीत. प्रत्येक उत्तरापुढे निबंधातला पान क्रमांक आणि एका ओळीत कारण लिहा.